नेटवर्कवरून जोडलेला वायरलेस माऊस मधेच का अडकतो?

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. माऊस हलवताय, पॉइंटर सुरळीत चाललाय आणि मधेच तो जागच्या जागी थिजतो. अर्धा सेकंद, कधी त्याहून कमी. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. बराच वेळ काही होत नाही, मग लागोपाठ दोनतीनदा होतं. कीबोर्डही माऊसच्याच रिसीव्हरवर (यूएसबीत खोचतो त्या छोट्या डबीवर) असेल तर टाइप करताना एखादं अक्षर 'ससससस' असं ओळीनं उमटतं. आणि हे सगळं तेव्हाच, जेव्हा माऊसचा रिसीव्हर कॉम्प्युटरला थेट न लावता दुसऱ्याच एका यंत्राला लावलाय आणि तिथून तो नेटवर्कवरून कॉम्प्युटरला जोडलाय.

असं कोण करतं? माझ्याकडे डेस्कटॉप आतल्या खोलीत आहे, कारण त्याच्या पंख्याची घरघर हॉलमध्ये नको होती. टेबल आणि स्क्रीन हॉलमध्ये. एचडीएमआयची लांब केबल केसिंग पट्टीतून ओढून आणली. यूएसबीचं तसं जमत नाही, यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपलीकडे नेता येत नाही. म्हणून टेबलावर एक रास्पबेरी पाय ४ (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') ठेवला, रिसीव्हर त्याला लावला आणि पायपासून डेस्कटॉपपर्यंत यूएसबी-आयपी (ते काय, हे पुढे येतंच). दोन्हीकडे लिनक्स. घरातल्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला आभासी कॉम्प्युटर) चालवणारे लोकही हाच मार्ग धरतात, आणि तक्रारही हीच करतात.

घरच्यांचा पहिला सल्ला असतो, "अरे, सेल बदलून बघ की." सल्ला वाईट नाही. सेल उतरला की माऊसचा पल्ला कमी होतो आणि अगदी हीच लक्षणं दिसतात. तेव्हा नवा सेल घालूनच पुढे वाचा. काही माऊस थोडा वेळ हात लागला नाही की झोपतात आणि पहिली हालचाल जागं होण्यातच घालवतात. ती बॅटरीची काटकसर आहे, तिच्या मागे लागू नका. चालता चालता अडकणं हा वेगळा विषय.

मधल्या वाटेवर काय घडतं

यूएसबी-आयपी म्हणजे यूएसबीचा संवाद टीसीपीच्या (हरवलेलं पुन्हा पाठवणाऱ्या नेटवर्क-पद्धतीच्या) पाकिटांत भरून नेटवर्कवरून पाठवण्याची सोय. जपानमधल्या नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची यांनी ती उभी केली, २००५ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध झाला, आणि २०१४ च्या ३.१७ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ती 'स्टेजिंग' या कच्च्या कामाच्या विभागातून बाहेर पडून लिनक्सच्या मुख्य घरात आली. पायवर एक सेवा नेटवर्कच्या पोर्ट क्रमांक ३२४० वर ऐकत बसते. डेस्कटॉपवर कर्नल एक आभासी यूएसबी पोर्ट उभा करतो, आणि लांबचा रिसीव्हर त्या पोर्टात खोचल्यासारखा दिसतो. डेस्कटॉपच्या दृष्टीनं तो साधा स्थानिक माऊसच.

इथे एक बारकावा आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. यूएसबीत माऊस आपणहून काही बोलत नाही. कॉम्प्युटरनं विचारायचं, मग त्यानं सांगायचं. साध्या माऊसला दर ८ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा विचारलं जातं. यूएसबी-आयपीत मात्र डेस्कटॉपवरचा ड्रायव्हर (माऊस सांभाळणारा प्रोग्राम) 'पुढची हालचाल कळव' अशी एक विनंती सोडतो, ती नेटवर्कवरून पायकडे पोचते, पाय ती रिसीव्हरपुढे ठेवतो, हालचाल झाली की उत्तर परत निघतं. ते उत्तर हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर पुढची विनंती सोडत नाही. एका वेळी एकच विनंती वाटेवर. माऊसची हालचाल असते जेमतेम सातआठ बाइटची, पण तिच्यावर यूएसबी-आयपीचं ४८ बाइटचं शीर्षक, त्यावर टीसीपीचं, त्यावर वायफायचं. म्हणजे हात हलत असताना सेकंदाला सुमारे १२५ उत्तरं एका दिशेनं आणि तेवढ्याच विनंत्या दुसऱ्या दिशेनं.

याचा पहिला परिणाम असा, की जाऊन-येऊन लागणारा वेळ २-३ मिलिसेकंद असेल तर काही कळत नाही. तोच ४० झाला तर सेकंदाला २५ च हालचाली पोचतात आणि पॉइंटर ओढत नेल्यासारखा चालतो. दुसरा परिणाम जास्त फसवा. नेटवर्क क्षणभर तुंबलं तर त्या वेळात रिसीव्हरला कुणी विचारतच नाही. तो थोडंफार साठवतो, बाकीचं गेलं. नेटवर्क मोकळं झाल्यावर पॉइंटर जिथे होता तिथूनच, फार तर थोडी उडी मारून, पुढे चालतो. आणि माऊसचा रेडिओ सिग्नल हवेत हरवला तरी पडद्यावर दिसतं ते हेच! म्हणून नुसतं पॉइंटरकडे बघून 'हे वायफायचं' किंवा 'हे माऊसचं' असं ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक लोक इथेच आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करून बसतात: नवा माऊस आणतात, मग नवा राउटर.

अक्षरं ओळीनं उमटण्याचंही कारण हेच. बटण दाबल्याचा निरोप पोचला, सोडल्याचा वाटेत अडकला. डेस्कटॉपला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, आणि तो अक्षर पुन्हा पुन्हा काढत राहतो.

तारेचा माऊस लावून बघा

कपाटात पडलेला एखादा जुना तारेचा माऊस काढा. नसेल तर दोनतीनशे रुपयांत मिळतो. रिसीव्हर काढून त्याच्या जागी तो पायला लावा, त्याच पद्धतीनं नेटवर्कवरून जोडा, बाकी काहीही बदलू नका. आता तासभर नेहमीचं काम करा. तारेचा माऊसही अडकला तर रेडिओ निर्दोष. दोष नेटवर्कमध्ये, पायच्या वीजपुरवठ्यात किंवा डेस्कटॉपच्या आभासी पोर्टात. तो अडकला नाही तर संशय हवेतल्या टप्प्यावर.

उलटी चाचणीही करा. रिसीव्हर यूएसबी-आयपीतून सोडवा, म्हणजे 'अनबाइंड' करा, आणि पायवरच 'इव्हटेस्ट' चालवा. माऊसची प्रत्येक घटना हे साधन वेळेसकट छापतं, सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. उत्तर फाईलमध्ये साठवा आणि पाचेक मिनिटं माऊस सलग गोल गोल फिरवत राहा. कंटाळवाणं आहे, पण हात थांबवू नका. नंतर फाईल उघडून लागोपाठच्या वेळांमधलं अंतर पाहा. ८ मिलिसेकंदांचा माऊस असेल तर ०.००८ च्या आसपासचे आकडे दिसायला हवेत. मधेच ०.१५ किंवा ०.३ दिसलं, आणि हात तर हलत होता, तर तेवढा वेळ हवेतून काही आलंच नाही. हेच साधन मग डेस्कटॉपवर, माऊस नेटवर्कवरून जोडलेला असताना चालवा. पायवर खिंडारं नाहीत आणि डेस्कटॉपवर आहेत, तर वाटेतच काहीतरी सांडतंय.

पायला स्क्रीन नसेल आणि तुम्ही वायफायवरून त्यात शिरून इव्हटेस्टचं उत्तर समोर छापत बसला असाल तर थांबा. त्या छापलेल्या ओळीही वायफायवरूनच येतायत, म्हणजे चाचणीच स्वतःला बिघडवते. फाईलमध्येच साठवा. कारण पुढे येतंच.

दोघं वेगवेगळे निर्दोष, एकत्र आले की गडबड

आता खरी डोकेदुखी. तारेचा माऊस नेटवर्कवरून उत्तम चालतो, म्हणजे नेटवर्क ठीक. वायरलेस माऊस पायवर थेट उत्तम चालतो, म्हणजे रेडिओ ठीक. आणि वायरलेस माऊस नेटवर्कवरून जोडला की अडकतो. या टप्प्यावर माणूस ड्रायव्हरवर घसरतो, कर्नल बदलतो, सगळं नव्यानं बसवतो. काही उपयोग होत नाही, कारण दोष कुठल्याही एका कडीत नाही.

रास्पबेरी पाय ४ चा बोर्ड ८५ मिलिमीटर लांब. त्याच्या एका टोकाला वायफायचा अँटेना, दुसऱ्या टोकाला यूएसबीचे पोर्ट. रिसीव्हर थेट पोर्टात खोचला तर तो अँटेनापासून वीतभरही लांब नसतो. दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. माऊसचा ट्रान्समीटर साधारण १ मिलिवॅटचा आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. वायफायचा त्याच्या कित्येक पट जोरकस आणि रिसीव्हरच्या कानाशी. आता वर सांगितलेली देवाणघेवाण आठवा. माऊस हलला, की रिसीव्हरकडे निरोप आला, की पायनं तो लगेच वायफायवरून पाठवला. म्हणजे वायफाय नेमका तेव्हाच ओरडतो जेव्हा माऊस बोलत असतो, आणि माऊसच्याच बोलण्यामुळे ओरडतो. हात जितका सलग हलवाल तितकी पाकिटं जास्त, तितका रिसीव्हर बहिरा. माऊस थांबला की वायफाय शांत, सगळं आलबेल. स्थानिक चाचणीत वायफायवर काही जातच नव्हतं, म्हणून ती पास झाली. तारेच्या माऊसला रेडिओच नव्हता, म्हणून तोही पास.

शंका खरी आहे का हे तपासायचा सोपा मार्ग: रिसीव्हर पायवर स्थानिकच ठेवा, इव्हटेस्ट फाईलमध्ये लिहीत राहू दे, आणि त्याच वेळी 'आयपर्फ ३' या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या साधनानं पायवरून वायफायवर सलग डेटा सोडा. वेळांमध्ये खिंडारं पडायला लागली तर चोर सापडला.

उपाय परिणामाच्या क्रमानं सांगतो. पायला लॅन केबल लावा आणि वायफाय बंदच करून टाका. याहून चांगला उपाय नाही, कारण रिसीव्हरच्या कानाशी होणारा आवाज थांबतो आणि नेटवर्कची वाटही स्थिर होते. केबल जमत नसेल तर पायला ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर न्या. ३ बी-प्लस आणि ४ या मॉडेलांत ते आहे. जुन्या ३ बी मध्ये आणि झीरो २ डब्ल्यू मध्ये नाही, तिथे हा मार्ग बंद. बऱ्याच घरांत राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो आणि पाय आपल्या मर्जीनं २.४ वर जाऊन बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, आणि पायला ५ वालंच सांगा.

तिसरा उपाय स्वस्त आहे आणि बाकीच्यांबरोबरही करावाच: यूएसबीची मीटरभर एक्स्टेन्शन केबल. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून माऊसजवळ, टेबलावर उघड्यावर ठेवा. स्क्रीनच्या मागे नको, लोखंडी टेबलाच्या खाली नको, सेट-टॉप बॉक्सवर तर नकोच. मीटरभर अंतरानं वायफायचा आवाज भरपूर उतरतो आणि माऊस उलट जवळ येतो. माऊसच्या खोक्यात कधी कधी अशी छोटी केबल दिलेलीही असते आणि आपण ती खोक्यासकट रद्दीत टाकतो.

निळे पोर्ट

हाही त्याच जातीचा प्रकार, म्हणून इथेच. पाय ४ वर दोन काळे पोर्ट यूएसबी २.० चे आणि दोन निळे ३.० चे. यूएसबी ३.० चा डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं धावतो आणि त्याचा विद्युत-आवाज २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलनं २०१२ साली यावर एक श्वेतपत्रिकाच काढली; यूएसबी ३.० चं उपकरण चालू असताना या पट्ट्यातला आवाज २० डेसिबलपर्यंत वाढू शकतो असं त्यांच्या मोजणीत आलं, आणि त्यांनी उदाहरणादाखल घेतला होता तो वायरलेस माऊसच.

इथे लोक अर्धा उपाय करतात. रिसीव्हर निळ्यातून काढून शेजारच्या काळ्यात लावतात, आणि निळ्यात एसएसडी (बाहेरून लावलेली डिस्क) तशीच. आवाज येतो तो चालू असलेल्या ३.० उपकरणातून आणि त्याच्या केबलीतून. पोर्टाचा रंग बदलून तो दोन सेंटिमीटर लांब गेला, एवढंच. बॅकअप चालू असतानाच माऊस अडकतो असं दिसलं तर हेच कारण समजा. एक्स्टेन्शन केबल इथेही कामाला येते, आणि एसएसडीची केबल चांगल्या शील्डची असेल तर आणखी बरं.

तारेचा माऊसही अडकत असेल तर

मग नेटवर्क बघू. डेस्कटॉपवरून पायला पिंग करा (म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा), पण नेहमीच्या सेकंदाच्या अंतरानं नको, ०.२ सेकंदाच्या अंतरानं पाचेक मिनिटं. सरासरीकडे बघू नका, सरासरी नेहमी गोड असते. सगळ्यात मोठे आकडे कधी आणि कसे येतात ते बघा.

२-३ मिलिसेकंदांच्या मधे अधूनमधून ६०, ८०, १०० असे आकडे दिसले तर पहिला संशय वायफायच्या वीजबचतीवर. या बचतीत पायचा वायफाय थोडा वेळ रिकामा राहिला की झोपतो. त्याच्यासाठी आलेलं पाकीट राउटर धरून ठेवतो आणि पुढच्या बीकनच्या (राउटर ठरावीक अंतरानं देतो त्या हाळीच्या) वेळी सांगतो. दोन बीकनमध्ये बहुधा १०२.४ मिलिसेकंदांचं अंतर असतं. डेस्कटॉपची विनंती पायपर्यंत पोचायलाच एवढा उशीर, मग हालचाल कुठून येणार? हात थोडा वेळ थांबवून पुन्हा हलवला की पहिला झटका लागतो आणि मग ठीक चालतं, ही याची खूण. 'आयडब्ल्यू' या साधनानं 'पॉवर सेव्ह' ऑफ करा. पण तेवढं केलं तर पाय पुन्हा चालू झाल्यावर ते विसरतं. लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ अशी लिहून ठेवा. तिथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

झटके घड्याळ लावल्यासारखे ठरावीक अंतरानं येत असतील तर तो वायफायचा पार्श्वभूमीतला शोध असू शकतो. दुसरा राउटर जवळ आहे का हे बघायला रेडिओ आपलं चॅनल सोडून क्षणभर इतर चॅनलवर फिरून येतो, तेवढ्यात माऊसच्या विनंत्या खोळंबतात. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या जोडणीला राउटरचा 'बीएसएसआयडी' (त्याच्या रेडिओचा ओळख क्रमांक) पक्का नेमून दिला की हे फिरणं थांबतं. डेस्कटॉपही वायफायवरच असेल तर त्यालाही हेच करावं लागतं. खरं म्हणजे तो तरी लॅनवर घ्याच. माऊसच्या एका हालचालीनं दोनदा हवेतून जायचं, एकदा पाय ते राउटर आणि एकदा राउटर ते डेस्कटॉप, ही चैन आहे.

०.२ सेकंदाच्या आसपासचं अडकणं वारंवार दिसत असेल तर पाकिटं हरवतायत असं समजा. वाटेत एकच छोटं पाकीट असतं, त्यामुळे ते हरवल्याची चाहूल मागून येणाऱ्या पाकिटांवरून लागत नाही. लिनक्सचा टीसीपी किमान २०० मिलिसेकंदांच्या आसपास वाट बघून मग ते पुन्हा पाठवतो. दुसऱ्यांदाही हरवलं तर वाट बघणं दुप्पट होतं. म्हणजे एका पाकिटाच्या हरवण्याची किंमत पंचवीस हालचाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेल्या सोसायटीत २.४ वर हे होणारच. १, ६ आणि ११ हीच चॅनलं एकमेकांवर चढत नाहीत. त्यातलं जे सगळ्यात मोकळं असेल ते निवडा, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

घरात कुणी मोठी फाईल चढवायला घेतली की माऊस जड होतो, असं असेल तर राउटरच्या रांगेत माऊसची पाकिटं फाईलच्या मागे उभी आहेत. राउटरमध्ये प्राधान्य ठरवायची सोय असेल तर पायला पुढे काढा. नसेल तर पुन्हा लॅन केबल. मी प्रत्येक वेळी तिथेच येतोय याची मला कल्पना आहे.

वीज आणि झोप

पायला मोबाईलचा चार्जर लावलेला दिसला की मला अर्धं उत्तर मिळतं. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, त्यात एसएसडी लावली असेल तर खरोखरच लागतात. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की कर्नलच्या लॉगमध्ये कमी व्होल्टेजची नोंद पडते. तो लॉग दाखवणाऱ्या 'डीमेसेज' या कमांडमध्ये ती शोधा. अशा वेळी यूएसबी उपकरणं सुटून पुन्हा जोडली जातात, आणि यूएसबी-आयपीला ते मुळीच झेपत नाही. चार्जर चांगला असून बारीक, लांब केबल असली तरी हेच होतं.

झोपेचा प्रश्न बहुधा डेस्कटॉपकडे असतो. पायवर यूएसबी-आयपीचा ड्रायव्हर रिसीव्हर धरून असतो तोवर तो त्याला झोपू देत नाही. पण डेस्कटॉपवर 'पॉवरटॉप' या वीज वाचवणाऱ्या साधनाचा 'ऑटो ट्यून' कधी चालवला असेल तर त्यानं सगळ्या यूएसबी उपकरणांची झोप चालू करून ठेवलेली असते, आभासी पोर्टावरच्या माऊसचीही. कर्नलच्या 'सिस' फाईलींमध्ये त्या उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरमध्ये 'कंट्रोल' नावाची फाईल आहे. तिच्यात 'ऑटो' असेल तर 'ऑन' लिहा, आणि कायमसाठी यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) एक नियम करा. विंडोजवर हेच काम डिव्हाइस मॅनेजरमध्ये, 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे' या अर्थाच्या चौकटीतली खूण काढून होतं.

अडकला तो अडकलाच

हा वेगळा आजार. पॉइंटर मेला आणि परत आलाच नाही. पायवर रिसीव्हरचा दिवा वगैरे सगळं ठीक. डेस्कटॉपच्या लॉगमध्ये आभासी पोर्टाची जोडणी तुटल्याची नोंद. यूएसबी-आयपी तुटलेली जोडणी आपणहून पुन्हा जोडत नाही, हे लक्षात ठेवलं की सगळं समजतं.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण लाईट. डेस्कटॉप यूपीएसवर, पाय इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आणि राउटर साध्या सॉकेटवर. लाईट क्षणभर गेली, राउटर उठेपर्यंत दोनेक मिनिटं गेली, जोडणी मेली. तोवर डेस्कटॉपला माऊस नाही. पुन्हा जोडायला गेलात तर पाय म्हणतो, 'उपकरण आधीच दिलेलं आहे'. कारण समोरचा गेला हे त्याला कळलेलंच नाही. मेलेली जोडणी ओळखायला टीसीपीचा नेहमीचा ठरलेला काळ ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. तेवढं थांबायची गरज नाही: डेस्कटॉपवर जुना पोर्ट 'डिटॅच' करा, पायवर रिसीव्हर 'अनबाइंड' करून पुन्हा 'बाइंड' करा, मग जोडा.

हे रोज हातानं करायचं नसतं. डेस्कटॉपवर सिस्टमडीचा (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या भागाचा) एक छोटा टायमर ठेवा. काही सेकंदांनी तो 'यूएसबीआयपी पोर्ट' ची यादी बघेल, रिसीव्हर नसेल तर जोडायचा प्रयत्न करेल. पायवर 'बाइंड' करताना पोर्टाच्या क्रमांकावर अवलंबून राहू नका. कुणी साफसफाई करताना रिसीव्हर शेजारच्या भोकात लावला की क्रमांक बदलतो. रिसीव्हरचा उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक धरून यूडेव्हचा नियम लिहा. आणि टेबलाच्या खणात तारेचा माऊस असू द्या, नाहीतर पुन्हा जोडायची कमांड द्यायला टर्मिनल कसं उघडणार? डेस्कटॉप झोपवण्याआधीही 'डिटॅच' करणारी एक ओळ झोपेच्या हुकमात घाला. जोडणी चालू ठेवून झोपवलेला डेस्कटॉप जागा होताना बहुधा माऊसशिवायच उठतो.

जाता जाता: यूएसबी-आयपीत कसलीही कूटलिपी नाही. कीबोर्ड त्याच रिसीव्हरवर असेल तर पासवर्डची अक्षरं घरच्या नेटवर्कवरून उघडी धावतायत. पोर्ट ३२४० राउटरवरून बाहेर उघडू नका. घराबाहेरून वापरायचंच असेल तर ते व्हीपीएनच्या (इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी वाटेच्या) आत, पण मग जाण्यायेण्याचा वेळ वाढतो आणि माऊस ओढत चालतो. लांबून काम करायला रिमोट डेस्कटॉप बरा.

शेजारशेजारचे दोन कॉम्प्युटर एका माऊसनं चालवायचे एवढंच हवं असेल तर यूएसबी-आयपीचा खटाटोप करू नका. 'इनपुट लीप' सारखा प्रोग्राम पुरतो, तो हालचालीच पाठवतो आणि तुटला तर पुन्हा आपणहून जोडतो. आणि माझ्यासारखं एका घरात लांबवर न्यायचं असेल, केसिंग पट्टीत जागा शिल्लक असेल, तर एचडीएमआयच्या शेजारून एक कॅट-६ केबल ओढून घ्या. तिच्या दोन टोकांना यूएसबी एक्स्टेंडरच्या डब्या लावल्या की पायही नको आणि यूएसबी-आयपीही नको. स्वस्तातल्या डब्या मंद असतात, पण माऊसला तेवढा वेग पुरतो. फक्त ती केबल थेट डबीतून डबीत जायला हवी, मधे राउटर किंवा स्विच लावलात तर चालणार नाही.